तारकागुच्छांचा जन्म : एका उपपत्तीचा इतिहास

कृत्तिकांत तारका किती, असे विचारले तर साध्या डोळ्यांनी पाहणारा सहा सांगतो. कार्तिकेयाला पाजणाऱ्या मातांची संख्याही आपल्या पुराणकारांनी सहाच धरली आहे. १६१० साली गॅलिलिओने आपली छोटी दुर्बीण तिकडे वळविली तेव्हा त्याच्या आकृतीत छत्तीस तारका आल्या, आणि आज हजाराहून अधिक तारका या एकाच कुळातल्या म्हणून ओळखल्या जातात. श्रोते हो, संख्येचा हा प्रश्न दुर्बीण मोठी केली की सुटतो. दुसरा एक प्रश्न मात्र तेवढ्याने सुटणारा नाही. इतक्या तारका एका ठिकाणी आणि एका सुमारास आल्या कशा? माणसाने गेल्या अडीचशे वर्षांत या प्रश्नाला जी उत्तरे दिली, त्यांतील एक अगदी अलीकडचे उत्तर असे आहे की, निदान मोठ्या गुच्छांच्या बाबतीत, वायूचे दोन प्रचंड मेघ एकमेकांवर आदळतात आणि त्या आघातातून तारकांचे एक कुळच्या कुळ जन्माला येते. हे उत्तर कसे सुचले, त्याला पुरावा कोणता आणि त्यावर आक्षेप कोणते, हा इतिहास आम्ही येथे मांडणार आहोत.

महाराष्ट्राला कृत्तिका परिचित आहेत त्या इतिहासाच्या साक्षीदार म्हणून. त्या पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असा जो उल्लेख शतपथ ब्राह्मणात येतो, त्यावरून शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात त्या ब्राह्मणाचा काळ ठरविण्याचा यत्न केला. तेथे माणसांच्या इतिहासासाठी तारकांची साक्ष काढली होती. येथे तारकांच्याच इतिहासासाठी साक्षीदार शोधावयाचे आहेत, आणि ते मिळणे फार अवघड आहे.

पहिली साक्ष गणिताची निघाली. जॉन मिचेल हा इंग्लंडमधील एक धर्मोपदेशक. त्याने १७६७ साली असा हिशेब मांडला की, आकाशात तारका मुठीने धान्य फेकावे तशा विखुरल्या असतील, तर कृत्तिकांतील सहा ठळक तारका केवळ योगायोगाने इतक्या जवळ येण्याचा संभव किती? उत्तर आले, सुमारे पाच लाखांत एक. म्हणजे योगायोग नव्हे. तेथे काहीतरी कारण आहे. तारकांच्या बाबतीत संभवशास्त्राचा वापर करणारा मिचेल हा पहिलाच, आणि त्यानेही मोजल्या त्या सहाच तारका, याची आम्हांला मोठी गंमत वाटते.

कारण शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न विल्यम हर्शेलने केला. त्याची कल्पना अशी की, तारका आधी सर्वत्र विखुरलेल्या होत्या. गुरुत्वाकर्षणाने त्या जवळ ओढल्या गेल्या आणि गुच्छ बनले. म्हणूनच गुच्छाच्या शेजारी आकाश रिते दिसते. १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात त्याने वृश्चिकातील अशा एका रित्या जागेचे वर्णन केले आहे. ज्येष्ठा नक्षत्राजवळ त्याला जवळजवळ तारकाहीन असा एक काळा पट्टा आढळला, आणि त्याच्या पश्चिम कडेला एक अतिशय दाट गुच्छ. हर्शेलला वाटले, या गुच्छाने शेजारच्या तारका गोळा करून जागा मोकळी केली. आज आपणांस ठाऊक आहे की तो गुच्छ तीस हजारांहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे, आणि ती ‘रिती जागा’ अवघ्या साडेचारशे प्रकाशवर्षांवर. दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही. शिवाय ती जागा रितीही नाही. धूळ आणि वायू यांचा तो थंड मेघ आहे आणि त्याच्या पोटात या घटकेला नव्या तारका आकार घेत आहेत. रिकामे झालेले घर म्हणून हर्शेलने जिकडे बोट दाखविले, ती बाळंतिणीची खोली होती.

ही गोष्ट पटावयास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. अमेरिकेतील एडवर्ड बर्नार्ड हा नॅशव्हिल येथील अतिशय गरीब घरातला मुलगा, वयाच्या नवव्या वर्षापासून छायाचित्रकाराच्या दुकानात कामाला होता. पुढे त्याने आकाशगंगेची जी छायाचित्रे घेतली, त्यांत तारकांच्या दाट गर्दीत शाई सांडल्यासारखे काळे डाग दिसत. हे डाग म्हणजे भोके की पडदे, याचा निर्णय करण्यास तो वर्षानुवर्षे कचरत होता. अखेर १९१९ साली त्याने अशा १८२ डागांची यादी प्रसिद्ध केली, आणि त्यांतील बहुतेक पडदेच असावेत या मताकडे तो झुकला. १९३० साली रॉबर्ट ट्रम्पलरने दुसऱ्या वाटेने तोच निकाल दिला. शंभर तारकागुच्छांची अंतरे त्याने दोन प्रकारे काढली, एकदा तेजावरून आणि एकदा आकारावरून. दोन्ही उत्तरे जुळेनात. गुच्छ जितका दूर, तितका तो वाजवीपेक्षा मंद. मधल्या जागेत प्रकाश खाणारी धूळ आहे हे मानल्यावाचून गत्यंतर उरले नाही.

तारका घडण्यास लागणारा माल आकाशात आहे, इतके यावरून ठरले. तो घडतो कसा, याचे एक सूत्र जेम्स जीन्सने १९०२ सालीच देऊन ठेवले होते. वायूच्या प्रत्येक मेघात दोन शक्तींची ओढाताण चाललेली असते: गुरुत्वाकर्षण आत ओढते, उष्णतेमुळे येणारा दाब बाहेर ढकलतो. मेघ पुरेसा जड आणि पुरेसा थंड असेल तर गुरुत्वाकर्षणाची सरशी होते व मेघ आपल्याच भाराने कोसळतो. मात्र हे सर्व कधीतरी अनादिकाळी घडून गेले असावे, अशीच पुष्कळांची समजूत होती. ती मोडली आर्मेनियातील व्हिक्टर अंबार्त्सुमियान यांनी. १९४७ च्या सुमारास त्यांनी दाखविले की, निळ्या, अतितप्त तारकांचे काही समूह इतके सैल आहेत की ते फार काळ एकत्र टिकणेच अशक्य. ज्या अर्थी ते अजून एकत्र दिसतात, त्या अर्थी ते नुकतेच जन्मले आहेत. ‘नुकतेच’ म्हणजे काही लाख किंवा काही दशलक्ष वर्षांपूर्वी. पण आकाशाच्या पंचांगात हा कालचाच दिवस. तारकांचा जन्म ही संपलेली गोष्ट नसून चालू असलेली गोष्ट आहे, असे यावरून ठरले.

येथपर्यंतचा इतिहास डोळ्यांचा, पुढचा कानांचा. थंड वायू प्रकाश देत नाही, परंतु रेडिओ लहरी देतो. हायड्रोजनच्या अणूंची २१ सेंटिमीटर लांबीची लहर १९५१ साली प्रथम पकडण्यात आली. (आपल्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी दुर्बीण उभी आहे, ती ही लहर ऐकू शकते.) परंतु जेथे तारका घडतात तेथे हायड्रोजनचे अणू जोडीजोडीने बांधले जाऊन त्यांचे रेणू बनलेले असतात, आणि थंडीत हा रेणू जवळजवळ मुका असतो. सुदैवाने त्याच्या संगतीला कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. शेगडीच्या कोंडलेल्या धुरातला हाच तो विषारी वायू. १९७० साली रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स आणि आर्नो पेन्झियास यांनी अ‍ॅरिझोनातील किट पीक येथील ३६ फुटी रेडिओ दुर्बिणीने मृगातील तेजोमेघाकडून येणारी या वायूची २.६ मिलिमीटरची लहर पकडली. तीतून एक नवीच सृष्टी उघडली. आकाशगंगेत ठिकठिकाणी शेकडो प्रकाशवर्षे पसरलेले, हजारो ते लक्षावधी सूर्यांइतक्या वस्तुमानाचे, उणे २६० अंशांच्याही खाली थिजलेले मेघ आहेत असे दिसून आले. यांना रेणुमेघ म्हणतात.

या लहरीचा आणखी एक गुण पुढील कथेला अत्यावश्यक आहे. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी उंच आणि दूर जाणाऱ्या गाडीची शिटी खालच्या सुरात ऐकू येते; त्याच न्यायाने लहरीच्या सूक्ष्म फरकावरून मेघ आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे, आणि सेकंदाला किती किलोमीटर, हे काढता येते. म्हणजे नुसता नकाशा नव्हे, गतीचाही नकाशा हाती आला.

मेघ सापडले आणि लगेच अडचण उभी राहिली. १९७४ साली झुकरमन आणि एव्हान्स या दोघा संशोधकांनी एक सरळ हिशेब पुढे ठेवला. आकाशगंगेतील सगळे रेणुमेघ जीन्सच्या नियमाप्रमाणे आपल्याच भाराने कोसळू लागले, तर दरवर्षी शेकडो सूर्यांइतक्या तारका जन्मल्या पाहिजेत. प्रत्यक्षात जन्मतात त्या वर्षाला जेमतेम एकदोन सूर्यांइतक्या. म्हणजे मेघ कोसळण्यास तयार बसलेले नाहीत. आतील खळबळ व चुंबकीय क्षेत्र त्यांना धरून ठेवते. सामान्य मेघ अतिशय आळशी असतो. मग काही ठिकाणी मात्र एकाएकी हजारो तारका आणि त्यांत वीस, पन्नास, कधी शंभर सूर्यांइतक्या जड अशा प्रचंड तारका थोडक्या जागेत कशा निपजतात? प्रचंड तारकेचे आयुष्य काही दशलक्ष वर्षांचे. तेवढ्यात ती जन्मते, जळते आणि स्फोट होऊन संपते. तिला घडविणारा वायू थोड्या वेळात, थोड्या जागेत, जबरदस्तीने दाबला गेला पाहिजे. ही जबरदस्ती कोणाची?

टकरीची, असे उत्तर पुढे आले. १९७६ साली रॉबर्ट लॉरेन यांनी ययाती समूहातील एका लहान गुच्छाविषयी, दोन मेघ एकमेकांवर आदळून तो झाला असावा, असे प्रतिपादन केले. गणिताच्या बाजूने महत्त्वाचे पाऊल १९९२ साली जपानमधील हाबे आणि ओहता यांनी टाकले. असमान आकाराचे दोन मेघ समोरासमोर आले तर काय होईल, याचे गणन त्यांनी संगणकावर केले. धाकटा मेघ थोरल्यात घुसतो, त्यात एक खोबण पाडत जातो, आणि त्या खोबणीच्या तळाशी दोघांचा वायू दाबला जाऊन एक दाट थर तयार होतो. तारका जन्मतात त्या या थरात.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण सगळे मर्म या थरात आहे. रेणुमेघातील वायू इतका थंड असतो की त्यात ध्वनीची गती सेकंदाला सुमारे २०० मीटरच भरते. टकरीची गती मात्र सेकंदाला १० किंवा २० किलोमीटर. पुण्याहून मुंबईस आठ ते पंधरा सेकंदांत पोहोचावे अशी. ध्वनीच्या पन्नासपट, शंभरपट वेगाने आलेला वायू बाजूला सरकण्यास वेळ मिळण्यापूर्वीच चेपला जातो. चेपल्याने तो तापतो खरा, परंतु कार्बन मोनॉक्साइडसारखे रेणू आणि धुळीचे कण ती उष्णता तत्काळ बाहेर टाकतात, म्हणून तो पुन्हा फुगत नाही. रबराचे दोन चेंडू आपटून दूर उडतात; ओल्या मातीचे दोन गोळे आपटले तर चिकटून चपटे होतात. मेघ या दुसऱ्या जातीचे. यात चुंबकीय क्षेत्राची भर पडते. त्याच्या रेषाही दाबल्या जाऊन बळकट होतात, थराचे लहान लहान तुकडे होऊ देत नाहीत, आणि त्यामुळे थोडे परंतु जड असे गोळे जमतात. २०१३ साली इनोऊए आणि फुकुई यांनी हे गणनाने दाखविले. प्रचंड तारकांचे कोडे याने बरेचसे उकलते असे आमचे मत आहे. नुसती दाबादाबी झाली असती तर बारीक तारकांचा चुराच अधिक पडला असता.

गणित झाले, प्रत्यक्ष आकाशात दाखवा, असे विचारणारा विचारणारच. हे काम मुख्यतः जपानमधील नागोया विद्यापीठाच्या मंडळींनी केले. त्यांची ४ मीटरची ‘नान्तेन’ दुर्बीण (या शब्दाचा अर्थच दक्षिणेचे आकाश) प्रथम चिलीतील लास कांपानास येथे होती. पुढे ती अटाकामाच्या वाळवंटात जवळजवळ ४,९०० मीटर उंचीवर नेण्यात आली. इतक्या उंचावर नेण्याचे कारण हवेतील बाष्प. मिलिमीटर लहरींना ते गिळून टाकते. दक्षिण आकाशात सुमारे वीस हजार प्रकाशवर्षांवर वेस्टरलुंड-२ नावाचा गुच्छ आहे. वय वीस लाख वर्षांच्या आसपास, तारका सुमारे तीन हजार, आणि त्यांत आकाशगंगेतील अत्यंत तप्त व तेजस्वी अशा कित्येक. २००९ साली फुरुकावा, फुकुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले की, या गुच्छाच्या जागी एक नव्हे तर दोन मेघ आहेत, प्रत्येकाचे वस्तुमान ऐंशी-नव्वद हजार सूर्यांइतके, आणि त्यांच्या गतींत सेकंदाला दहा किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. दोघांचेही आकार गुच्छाभोवती बसतात, आणि पुढच्याच वर्षी असे दिसले की दोघांचाही वायू गुच्छाजवळ तापलेला आहे. म्हणजे हे दोघे केवळ एका रेषेत दिसणारे परके नव्हेत. दोघेही त्या गुच्छाच्या सान्निध्यात आहेत.

आता आक्षेप. ही टक्कर लाखो वर्षे चालते. ती कोणी पाहिलेली नाही आणि पाहणारही नाही. आपल्या हाती पडते ते एका क्षणाचे चित्र. आक्षेपक म्हणतो: प्रचंड तारका स्वतःच मोठा वारा सोडतात, आपल्या प्रकाशाने वायू तापवून ढकलून देतात. एक मेघ त्यांनीच फोडला, अर्धा आपल्याकडे आणि अर्धा पलीकडे लोटला, तर आपणांस दोन गती दिसणारच. म्हणजे तुम्ही ज्याला कारण म्हणता ते कार्य असेल! हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण नवी नाही. गाव ओस पडले म्हणून स्वारी झाली की स्वारी झाली म्हणून गाव ओस पडले, हा वाद एका कागदावरून मिटत नाही. दुसरा, तिसरा कागद हवा.

ते कागद मिळविण्याचा यत्न झाला. पहिला असा की, इतक्या वस्तुमानाचे मेघ इतक्या गतीने ढकलण्यास तेथील तारकांची शक्ती पुरते का, याचा हिशेब. वेस्टरलुंडच्या बाबतीत ती पुरत नाही असा निष्कर्ष निघाला. दुसरा खोबणीचा. टक्कर झाली असेल तर थोरल्या मेघातील पोकळी आणि धाकट्या मेघाचा आकार, कुलूप आणि किल्ली यांसारखे, जुळले पाहिजेत. तिसरा पुलाचा. घर्षणाने मंदावलेला वायू दोन्ही गतींच्या मधल्या गतीने वाहताना आढळला पाहिजे. या तीन खुणा एकत्र सापडल्या तर टकरीचा दावा बळकट होतो. एखादीच सापडली तर आम्ही तो दावा अर्धाच मान्य करू. गेल्या पंधरा वर्षांत अशा जागांची यादी लांबत गेली आहे, आणि यादी लांबली की उत्साहाच्या भरात कच्च्या नोंदीही तीत शिरतात, हेही सांगितले पाहिजे.

या खुणांची सर्वांत रोचक परीक्षा मृगात चालू आहे. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन तारका सर्वांच्या ओळखीच्या. त्यांच्या खाली दक्षिणेकडे जो धूसर ठिपका साध्या डोळ्यांनाही जाणवतो, तोच तो तेजोमेघ, अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षे. २०१८ साली फुकुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की, येथेही दोन मेघ आहेत, एक सुमारे वीस हजार आणि दुसरा सुमारे तीन हजार सूर्यांचा, आणि त्यांची टक्कर अवघ्या एक लाख वर्षांपूर्वीची आहे. परंतु तेथील पुष्कळ लहान तारका दहा ते तीस लाख वर्षांच्या आहेत. बापापेक्षा मुलगा थोरला कसा? त्यांचे उत्तर असे: लहान तारका मूळच्या मेघात पूर्वीपासून सावकाश जन्मत होत्या, टकरीने आणल्या त्या फक्त मधल्या प्रचंड तारका. हे खरे असेल तर एका गुच्छाचा एकच जन्मदिवस असतो ही आपली सोयीची समजूत सोडावी लागेल. हा अर्थ सर्वांनी स्वीकारलेला नाही. एकाच वेड्यावाकड्या मेघाच्या दोन भागांचा तो भास असावा असे म्हणणारेही आहेत. आम्हांला तो संभवनीय वाटतो, सिद्ध वाटत नाही.

टकरी याहून मोठ्या प्रमाणावरही घडतात. दक्षिण आकाशातील मोठा मॅगेलनी मेघ ही आपल्या आकाशगंगेची शेजारीण, १,६०,००० प्रकाशवर्षे दूर. तेथे आर-१३६ हा अतिप्रचंड तारकांचा गुच्छ आहे. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी हा मेघ आणि त्याचा धाकटा भाऊ एकमेकांजवळून गेले, ओढाताणीत वायू निसटला, आणि तोच आता सेकंदाला पन्नासएक किलोमीटरांच्या गतीने परत कोसळत असताना हा गुच्छ झाला, असे २०१७ साली मांडले गेले. काकाक समूहात तर दोन संबंध तारकाविश्वेच एकमेकांत घुसली आहेत. हबल दुर्बिणीच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या चित्रांत तेथे हजाराहून अधिक तरुण गुच्छ मोजले गेले. तारकाविश्वांच्या अशा टकरीत तारकेवर तारका सहसा आदळत नाही, त्यांच्यामधील अंतरे फारच मोठी. आदळतो तो वायू.

जन्मलेल्या गुच्छांचे पुढे काय होते? बहुतेक विस्कटतात. प्रचंड तारका आपल्या भोवतीचा उरलेला वायू उडवून देतात, आणि ज्याच्या भाराने सर्व कुळ एकत्र बांधलेले होते तोच गेल्यावर भावंडे पांगतात. चार्ल्स आणि एलिझाबेथ लाडा यांनी २००३ साली केलेल्या पाहणीप्रमाणे शंभरांतील पाच-सातच गुच्छ कृत्तिकांसारखे टिकून राहतात. आपला सूर्यही बहुधा अशाच पांगलेल्या कुळातला. १९६९ साली मेक्सिकोत अ‍ॅलेंडे येथे पडलेल्या अशनीत, काही लाख वर्षांतच विरून जाणाऱ्या एका जातीच्या अ‍ॅल्युमिनियमचा मागमूस १९७६ साली सापडला. असे अ‍ॅल्युमिनियम मुख्यतः प्रचंड तारकांत बनते. तेव्हा सूर्याच्या पाळण्याशेजारी अशी एखादी तारका असावी, असे पुष्कळ संशोधक मानतात.

कृत्तिकांच्या बाबतीत मात्र टक्कर झाली की नाही, हे मेघ पाहून ठरविता येणार नाही. त्यांचे वय दहा कोटी वर्षांहून अधिक, आणि ज्या मेघातून त्या निघाल्या तो केव्हाच नाहीसा झाला आहे. छायाचित्रांत त्यांच्याभोवती जे निळसर धुके दिसते, ते त्यांच्या जन्माचे उरलेले द्रव्य आहे असे पूर्वी समजत. परंतु त्याची गती कृत्तिकांच्या गतीशी जुळत नाही. ते धुके त्यांच्या वाटेत आलेल्या एका दुसऱ्याच मेघाचे आहे, आणि सध्या कृत्तिका त्यातून चालल्या आहेत.